फोनवरचा फौजदार

बिदर जिल्ह्यातील औराद मतदारसंघाचे एक माजी आमदार २०२५ साली फोनवरील भामट्यांच्या जाळ्यात सापडून सुमारे ३१ लाख रुपयांस मुकले, ही वार्ता आमच्या वाचकांपैकी अनेकांनी वाचली असेल. आपण केंद्रीय तपास यंत्रणेचे अधिकारी आहोत, पैशांच्या अफरातफरीच्या एका गाजलेल्या प्रकरणात तुमचे नाव निघाले आहे, असे त्यांना सांगण्यात आले आणि हल्ली ज्याला 'डिजिटल अटक' म्हणतात तो चौकशीचा सारा देखावा फोनच्या पडद्यावर उभा करण्यात आला. जे गृहस्थ विधानसभेत बसून आले, ज्यांनी पोलीस अधिकारी जवळून पाहिले, तेही फसतात, हे ऐकून निर्ण्यासारख्या गावातील साध्या कुटुंबाने काय बोध घ्यावा? 'मोठ्यांची ही गत, तेथे आपला काय पाड', असे म्हणून हात टेकणे हा एक सोयीचा बोध झाला. दुसरा बोध अधिक उपयोगाचा आहे, आणि या महिन्याचे हे पान आम्ही त्यासाठीच खर्ची घालीत आहोत.

अडाणी माणसे तेवढी फसतात हा समज प्रथम दूर व्हावयास हवा. २०२४ साली लुधियानाच्या एका मोठ्या वस्त्रोद्योगसमूहाचे ८२ वर्षांचे अध्यक्ष ७ कोटी रुपयांस फसविले गेले. त्यांच्यापुढे तर पडद्यावर खोटे सर्वोच्च न्यायालयच भरविण्यात आले होते. मुंबईत एका ८६ वर्षांच्या बाईंकडून २०२४ च्या डिसेंबरपासून २०२५ च्या मार्चपर्यंत २० कोटींहून अधिक रक्कम उकळण्यात आली. केंद्र शासनाने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे सायबर गुन्हेगारांनी २०२३ मध्ये देशातील नागरिकांचे सुमारे ७,४६५ कोटी रुपये लुबाडले, आणि २०२४ मध्ये ती रक्कम २२,८४५ कोटींवर गेली. एका वर्षात तिप्पट! एवढे सारे लोक एकाएकी मूर्ख झाले, असे कोण म्हणेल? तेव्हा फसणाऱ्याच्या बुद्धीपेक्षा फसविणाऱ्याची रीत तपासणे अधिक शहाणपणाचे.

ही रीत बहुधा ठराविक असते. प्रथम फोन येतो तो कुरिअर कंपनीचा, दूरसंचार खात्याचा किंवा बँकेचा म्हणून. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधार क्रमांकावर कोणी खाते उघडले, असे काहीतरी सांगितले जाते. मग तो फोन 'पोलिसांकडे' जोडला जातो. पडद्यावर गणवेशातील माणूस दिसतो, त्याच्या मागे बोधचिन्ह असते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्क्यासह वॉरंट येऊन पडते. यानंतर येते ते खरे शस्त्र. 'हे गुपित प्रकरण आहे. घरात कोणास सांगाल तर त्यांनाही अटक होईल. फोन बंद करावयाचा नाही, खोलीबाहेर जावयाचे नाही.' तास जातात, कधी दिवस जातात. अखेर 'तपासणीसाठी' सारी रक्कम एका खात्यात भरण्यास सांगतात आणि निर्दोष ठरल्यास ती परत मिळेल असे वचन देतात.

यातील प्रत्येक गोष्ट खोटी आहे. भारताच्या कोणत्याही कायद्यात फोनवरून अटक करण्याची तरतूद नाही, हे शासनाने वारंवार जाहीर केले आहे. पंतप्रधानांनीही २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यातील आपल्या आकाशवाणी भाषणात हा विषय घेतला होता. आरोपीस हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत दिला. त्याच वर्षी हरियाणातील अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीची दखल घेऊन त्या न्यायालयाने अशा प्रकरणांचा देशव्यापी तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. परगावच्या पोलिसांना खरोखरीच तुमच्याशी काम असेल, तर ते रीतीप्रमाणे तुमच्या भागातील ठाण्यास कळवून दाराशी येतील. फोनवरचा फौजदार पैसे मागू लागला की तो फौजदार नव्हे, एवढे निश्चित समजावे.

हे सारे देशभर खरे असले, तरी आपल्या सीमाभागातील मराठी कुटुंबांसाठी यात एक वेगळी गोम आहे. निर्णा हे आज चिटगुप्पा तालुक्यातील गाव; तेलंगणाची हद्द येथून जवळ. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी अमलात होता आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर व गुलबर्गा हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले आणि कचेरीची भाषा पुढे कन्नड झाली. बँकेचे संदेश येतात ते बहुधा इंग्रजीत. अशा रीतीने या भागातील मराठी माणसाच्या तीन-चार पिढ्यांनी आपणांस धड वाचता न येणाऱ्या कागदांवर सह्या केल्या आणि अंगठे उठविले. 'साहेब म्हणतात तसे असेल' ही सवय रक्तात भिनली. बाजारात कन्नड, दखनी, मराठी व तेलुगू अशा चारही बोली लीलया बोलणारा माणूस शिक्क्याचा इंग्रजी कागद दिसताच मुका होतो. भामट्याला नेमके हेच हवे असते. महाराष्ट्राबाहेर इंदूर, बडोदे, हैदराबाद वा तंजावर येथे राहणाऱ्या आमच्या वाचकांसही हा अनुभव थोड्याफार फरकाने परिचित असेल. घरची भाषा एक, कचेरीची दुसरी आणि कागदाची तिसरी, अशी आपली स्थिती आहे.

मात्र याच सवयीच्या पोटात तिच्यावरचा उताराही होता. वाचता न येणारा कागद जुन्या काळी कोणी एकट्याने घेत नसे. तो गावातील जाणत्याकडे जाई, मास्तरांकडे जाई. दस्त होई तो साक्षीदारांसमक्ष. व्यवहारात दुसरा माणूस असणे हा अविश्वास मानला जात नसे, ती रीतच होती. फोनने ही रीत मोडली. कागद आता थेट शर्टाच्या खिशात येतो, तो एकट्याने पाहिला जातो, आणि त्याचे उत्तरही एकट्याकडून, तेही पाच मिनिटांत मागितले जाते.

माणसास एकटा पाडून लुबाडण्याची ही विद्या नवी नाही. आपल्याच दख्खनच्या वाटांवर ती एके काळी चालत होती. निजामाच्या नोकरीतील इंग्रज अधिकारी मेडोज टेलर याने १८३९ साली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी प्रसिद्ध केली. पुढे सुरपूर संस्थानचा कारभार पाहिला तो याच टेलरने. इंग्रजांनी केलेल्या ठगांच्या वर्णनात अतिशयोक्ती किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु त्या वर्णनातील रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. ठग वाटसरूवर एकदम तुटून पडत नसे. तो सोबती होई, वाटेतील चोरांची भीती घाली, आपल्या सोबतीत तुम्ही सुरक्षित आहात असा भरवसा देई, आणि मग वाटसरू आपल्या माणसांपासून दूर गेला की फास पडे. आजचा भामटाही हेच करतो. तो प्रथम भीती घालतो, मग 'मी तुम्हांला यातून सोडवितो' म्हणून आधार देतो. 'ठग' हा आपला शब्द इंग्रजीने उचलला. विद्या मात्र फिरून आपल्याच दारी आली आहे.

येथे एक गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे. फोनच्या त्या टोकास बसलेला माणूस पुष्कळदा स्वतःच कोणाचा तरी बंदी असतो. परदेशी नोकरीच्या आमिषाने नेलेली आपली तरुण मुले म्यानमार, कंबोडिया व लाओस येथील कुंपणबंद वसाहतींत कोंडली जातात आणि त्यांच्याकडून ही फसवणूक करवून घेतली जाते. २०२५ च्या मार्च महिन्यात म्यानमारच्या सीमेवरील अशा वसाहतींतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी मायदेशी आणावे लागले. तेव्हा थायलंडमध्ये संगणकावरची मोठ्या पगाराची नोकरी, तिकीटही मालकाचेच, असे कोणी घरी येऊन सांगू लागल्यास पालकांनी तेथेही सावध असावे.

मग उपाय काय? आमच्या मते पहिला उपाय फोनच्या बाहेर आहे. प्रत्येक घराने एक नियम करावा: फोनवरून आलेल्या कोणत्याही मागणीवर, दुसऱ्या एका ठरलेल्या माणसास सांगितल्यावाचून, एक रुपयाही हलवावयाचा नाही. तो माणूस पुण्यास वा बंगळुरास असलेला मुलगा असो, लेक असो, सून असो, शेजारचे मास्तर असोत. त्याला पैशांचे फार ज्ञान हवे असे नाही. त्याच्या कानावर भामट्याच्या धमकीचे सावट नाही, एवढे पुरे. जो कोणी 'हे कोणास सांगू नका' म्हणेल, त्याचा फोन त्याच वाक्यावर ठेवून द्यावा. बिदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने महिलांच्या स्वयंसहाय्य गटांना कर्जे देण्यात नाव मिळविले. ज्या भगिनी अशा गटांत बसल्या आहेत त्यांना आम्ही काय सांगत आहोत हे चटकन उमगेल. तेथे पैसा चारचौघींच्या समक्ष येतो आणि समक्ष जातो.

मुलाच्या वा नातवाच्या आवाजात रडून पैसे मागणारे फोनही आता येऊ लागले आहेत, कारण यंत्राने माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. त्यासाठी घरातल्यांनाच ठाऊक असेल असा एक प्रश्न ठरवून ठेवावा. पणजीचे माहेर कोणते, शेतावरच्या पहिल्या बैलजोडीची नावे काय, असे काहीही चालेल. उत्तर न आल्यास फोन ठेवावा आणि मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा.

आता फोनच्या आतील दारांकडे वळू. पहिले दार अ‍ॅपचे. लग्नसराईत अनोळखी क्रमांकावरून 'लग्नपत्रिका' येते. कधी वाहनाच्या दंडाची पावती येते, कधी शेतकरी अनुदानाची यादी. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतील तर ती पत्रिका नव्हे, ते अ‍ॅप आहे. ते बसविताच ते तुमचे संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराच्या हाती पडतो. ज्या घरी किसान सन्मान निधीची, पीकविम्याची वा गृहलक्ष्मीच्या पैशांची वाट पाहिली जाते, त्या घराने हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण माणूस ज्याची वाट पाहत असतो त्याच नावाने गळ टाकला जातो. अ‍ॅप घ्यावयाचे ते फोनमधील अधिकृत भांडारातूनच, आणि घेतल्यावर संदेश वाचण्याची परवानगी ते का मागते याचा विचार करूनच.

दुसरे दार पडद्याचे. 'तुमची अडचण मी येथूनच सोडवितो' असे म्हणून कोणी आपला पडदा त्याला दिसेल असे अ‍ॅप बसविण्यास सांगतो, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच पडदा दाखविण्याची विनंती करतो. एनीडेस्क नावाच्या अशाच एका अ‍ॅपच्या दुरुपयोगाविषयी रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच बँकांना सावध केले होते. अनोळखी माणसास पडदा दाखविणे म्हणजे तिजोरी उघडताना त्याला शेजारी उभे करणे होय.

तिसरे दार पैशांचे. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना तो कधीच लागत नाही. 'पैसे मिळविण्यासाठी हा चौकोन स्कॅन करा आणि पिन घाला' असे सांगणारा तुमच्या खात्यातून पैसे काढीत असतो. मोठी ठेव ज्या खात्यात आहे ते खाते फोनला जोडूच नये. रोजच्या खर्चापुरते पैसे असलेले वेगळे खाते जोडावे. जत्रेला जाताना आपण घरची सारी पुंजी कनवटीला लावून जात नाही, तसेच हे.

चौथे दार सिमकार्डाचे. फोनमधून एकाएकी नेटवर्क नाहीसे झाले आणि शेजाऱ्याचे मात्र चालू असले, तर तुमच्या क्रमांकाचे दुसरे कार्ड कोणी काढले नाही ना, याची कंपनीकडे लगेच चौकशी करावी. कोणी सांगितले म्हणून चांदणी व चौकटीच्या चिन्हांनी सुरू होणारे आकडे दाबू नयेत. अशा काही आकड्यांनी तुमचे फोन दुसऱ्याकडे वळविले जातात. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या सेवेवर आपल्या नावे किती सिमकार्डे चालू आहेत हे पाहता येते, नको ती बंद करण्यास सांगता येते आणि हरविलेला फोनही रोखता येतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दुहेरी पडताळणी चालू करावी, आणि आपले खाते अन्य कोठल्या यंत्राशी जोडले गेले आहे काय, हे अधूनमधून पाहावे.

पाचवे दार अंगठ्याचे, आणि ते फोन न वापरणाऱ्या वडीलधाऱ्यांसही लागू आहे. २०२३ साली कर्नाटकात नोंदणी झालेल्या दस्तांवरील बोटांचे ठसे उचलून, आधारवर चालणाऱ्या बँकसेवेतून लोकांच्या खात्यांतील पैसे काढल्याचे प्रकार उघडकीस आले. जमिनीच्या कागदावर उठविलेला अंगठाच चोरीस गेला! यावर उपाय आहे. आधार प्राधिकरणाच्या अ‍ॅपवरून वा संकेतस्थळावरून आपले ठसे कुलूपबंद करून ठेवता येतात, आणि गरजेपुरते उघडता येतात. घरातील तरुणांनी आजी-आजोबांसाठी एवढे काम अवश्य करून द्यावे.

एवढे करूनही घात झालाच तर? तर मिनिटे मोजावीत. १९३० हा राष्ट्रीय साहाय्य-क्रमांक तत्काळ फिरवावा. पैसा चोराच्या एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो. तक्रार वेळेवर पोचली तर संबंधित बँका तो वाटेतच अडवून धरू शकतात. या व्यवस्थेने ५,४०० कोटींहून अधिक रुपये वाचविल्याचे शासनाने २०२५ च्या जुलैमध्ये संसदेत सांगितले. पैसा एकदा रोखीने काढला गेला की मात्र हाती फारसे काही उरत नाही. आपल्या बँकेसही त्याच वेळी कळवावे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले की दोष ग्राहकाचा नसून बाहेरच्या घुसखोरीचा असेल आणि ग्राहकाने ३ कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर नुकसानीचा भार त्याच्यावर पडू नये. ग्राहकाच्या हलगर्जीपणाने पैसा गेला असेल तरीही कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे कळविण्यात जाणारा प्रत्येक तास तुमच्या खिशातून जातो. कर्नाटकात जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर, आर्थिक व अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र पोलीस ठाणे आहे. बिदर व कलबुर्गी येथेही आहे.

आणखी एक सूचना कॉलेजात जाणाऱ्या मुलांसाठी. 'तुझे बँक खाते महिनाभर वापरावयास दे, पाच हजार देतो' असे कोणी म्हणाल्यास त्याच्या वाऱ्यासही उभे राहू नये. लुबाडलेला पैसा प्रथम येतो तो अशाच भाड्याच्या खात्यांत. पोलीस येतात तेही प्रथम त्याच नावाचा माग काढीत, आणि पाच हजारांसाठी मुलाच्या नावावर आयुष्यभराचा डाग लागतो.

आता शेवटचे, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. फसलेली माणसे पुष्कळदा तास न् तास गप्प बसतात, कारण त्यांना भामट्याइतकीच घरच्यांची भीती वाटत असते. 'मुलगा काय म्हणेल, सून हसेल, गावात छीथू होईल' या विचारात पैसा अडविण्याची वेळ निघून जाते. मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांना एकदा मोकळेपणी सांगून ठेवावे: 'पैसे गेले तरी आम्ही रागावणार नाही, पण पहिला फोन आम्हांला करा.' हे वाक्य चोरी होण्यापूर्वी उच्चारले गेले पाहिजे. नंतर त्याचा उपयोग नाही. परगावी राहणारी आमची वाचक मंडळी या आठवड्यात घरी फोन करतील, तेव्हा पाऊसपाणी व प्रकृती विचारून झाल्यावर त्यांनी तुरीच्या भावाआधी हा विषय काढावा. आणि घरच्यांनी भिंतीवरील दिनदर्शिकेवर ठळक अक्षरांत १९३० हा आकडा लिहावा, आणि त्याच्या खाली, आधी ज्याला विचारावयाचे त्या आपल्या माणसाचे नाव.